फोनवरचा नकाशा कधी अडखळतो, कधी लोण्यासारखा सरकतो: असं का?

२०२४ च्या अखेरीस एक बातमी आली आणि बरेच जण बुचकळ्यात पडले. भारताच्या किनाऱ्याची लांबी शाळेत आपण ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली होती. ती आता ११,०९८ किलोमीटर झाली. साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त वाढ, म्हणजे जवळजवळ ४८ टक्के! समुद्र काही मागे हटला नव्हता. १९७० च्या दशकातली मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून केली होती. त्या नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४५ किलोमीटर. नवी मोजणी १:२,५०,००० या प्रमाणावर झाली, तिथे एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. पहिल्या नकाशात किनाऱ्याची जी वळणं एका रेघेत बुजून गेली होती, ती दुसऱ्यात दिसू लागली. खाड्या, नदीमुखं, बारीकसारीक आखातं मोजणीत आली आणि आकडा फुगला.

गणितज्ञांना हे जुनंच ठाऊक आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने देशांच्या सीमा मोजताना हे टिपलं होतं आणि १९६७ मध्ये बेन्वा मांडेलब्रॉ यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन ते मांडलं: मोजपट्टी जितकी लहान, किनारा तितका लांब.

कागदी नकाशात प्रमाण एकदाच ठरतं. छापून झालं की विषय संपला. फोनवरच्या नकाशात मात्र आपण दोन बोटं फाकवली की अर्ध्या सेकंदात प्रमाण बदलतं. म्हणजे 'आता किती तपशील दाखवायचा?' हा प्रश्न त्या नकाशाला क्षणोक्षणी सोडवावा लागतो, तोही आपलं बोट पडद्यावर असताना. ज्या नकाशाला तो सोडवता येतो तो सुरळीत सरकतो. ज्याला येत नाही तो फोन तापवतो, गोल फिरणारं चक्र दाखवत बसतो आणि शेवटी पांढरा पडतो. सरकारी योजनांचे, पुराचे, जमिनीचे, निवडणुकीचे नकाशे आता लाखो लोक फोनवरच बघतात, त्यामुळे ही गोष्ट फक्त प्रोग्रॅमर मंडळींपुरती राहिलेली नाही.

## नकाशा म्हणजे ठिपके

वेबवरच्या नकाशातली कुठलीही रेषा घ्या. जिल्ह्याची हद्द असो, नदी असो की एसटीचा मार्ग, ती मुळात ठिपक्यांची रांगोळी असते. आधी ठिपके, मग ठरलेल्या क्रमाने जोडणी. फाइलमध्ये ठिपक्यांच्या जागा आणि जोडण्याचा क्रम एवढंच असतं, रेघा ओढण्याचं काम बऱ्याचदा तुमचा फोन करतो. आता रांगोळी काढणाऱ्या कुणालाही विचारा: अंगणभर पसरणारी रांगोळी उंबऱ्यापुढच्या वीतभर जागेत तशीच्या तशी उतरत नाही. ठिपके एकमेकांवर येतात, रेघा मिसळतात आणि हाती पांढरा डाग लागतो. जागा लहान असेल तर ठिपके कमी घ्यायचे. नकाशे सुरळीत चालवण्याचं बरंचसं शहाणपण या एका नियमात सामावलं आहे.

नकाशातला ठिपका म्हणजे रेखांश आणि अक्षांश ही दोन आकड्यांची जोडी. जिओजेसन नावाच्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइलप्रकारात पुण्यातला एखादा ठिपका असा लिहिलेला सापडतो:

[७३.८५६७४३२१०९८७६५४,१८.५२०४३०१२३४५६७८९],

दशांशचिन्हानंतर पंधरा-पंधरा अंक. त्यातल्या पाचव्या अंकाचं मोल जमिनीवर साधारण एक मीटर, सहाव्याचं अकरा सेंटिमीटर. पंधराव्यापर्यंत पोचलो की आपण अणूच्या आकाराची अचूकता सांगत असतो. गावाची हद्द इतक्या बारकाईने कुणीही मोजलेली नसते. सॉफ्टवेअर ते अंक सवयीने लिहून टाकतं आणि पुढे ते कुणी काढत नाही. पाच अंकांवर थांबलो तर चाळीस अक्षरांचा हा ठिपका वीस अक्षरांत बसतो. काहीही न गमावता फाइल अर्धी!

अर्धी झाली तरी पुरत नाही, हे साध्या गुणाकारातून कळतं. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, साडेतीनशेहून जास्त तालुके आणि सुमारे ४४ हजार गावं आहेत. प्रत्येक गावाच्या हद्दीला सरासरी ३०० ठिपके लागतात असं धरू. ठिपके झाले एक कोटी बत्तीस लाख. प्रत्येकी चाळीस अक्षरं म्हटली तर फाइल ५०० एमबीच्या पुढे जाते. 'राज्यातली सगळी गावं दाखवणारा नकाशा' बनवायला सांगितलं की नवशिके हीच फाइल सरळ वेबपानाला जोडून देतात. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर ती कशीबशी उघडते, सगळे समाधानाने मान डोलावतात. ज्याच्यासाठी नकाशा केला त्याच्या फोनवर मात्र तो उघडतच नाही.

## एका पिक्सेलमध्ये शनिवारवाडा ते सारसबाग

आता पडद्याकडून बघू. पडदा ज्या बारीक चौकोनांचा बनलेला असतो ते पिक्सेल. साधारण फोनच्या रुंदीत नकाशा बनवणारे ३६० पिक्सेल धरतात. (नव्या फोनमध्ये त्यांचेही दोन-तीन भाग असतात, पण हिशेब याच एककात चालतो.) महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर पसरलेला आहे. अख्खं राज्य पडद्यात मावत असेल तर एका पिक्सेलच्या वाट्याला सव्वादोन किलोमीटर येतात.

शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंतचं सरळ अंतर दोन किलोमीटर आहे. म्हणजे तो वाडा, मंडई, बाजीराव रोड, टिळक रोड आणि सारसबागेतला गणपती असं सगळं मिळून एक पिक्सेल. अशा वेळी पुण्यातल्या एखाद्या प्रभागाच्या हद्दीचे पाचशे ठिपके फोनला पाठवले तर ते जेमतेम दोन-तीन पिक्सेलांत एकमेकांच्या डोक्यावर काढले जाणार. फोन राबला, डेटा संपला, बॅटरी उतरली आणि डोळ्याला काडीचा फरक दिसला नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'आपल्याकडे किती माहिती आहे?' हा नसावाच. 'या पडद्यावर, या क्षणी किती दिसू शकते?' हा असावा. सुरळीत चालणारे सगळे नकाशे इथूनच सुरुवात करतात.

## कुठले ठिपके गाळायचे?

दर दहातले नऊ ठिपके डोळे मिटून काढले तर रेषेचं रूपच जातं. सरळ रस्त्यावरचे ठिपके उगाच उरतात आणि घाटातलं नेमकं वळण कापलं जातं. यावर १९७३ मध्ये डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्युकर यांनी मांडलेली रीत आजही वापरात आहे. (अर्स रेमर यांनी आदल्याच वर्षी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली होती.) रेषेचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक यांच्यात दोरी ताणायची. मधल्या ठिपक्यांपैकी त्या दोरीपासून सगळ्यात लांब कोण आहे ते बघायचं. ते अंतर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर मधले सगळे ठिपके काढून टाकायचे. जास्त असेल तर तो लांबचा ठिपका पक्का करायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा दोरी ताणायची. ती मर्यादा एका पिक्सेलएवढी ठेवली की पडद्यावर फरक जवळजवळ दिसत नाही, ठिपके मात्र झपाट्याने कमी होतात.

या रीतीत कधीकधी रेषेला काटे फुटतात. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या महेश्वरी विश्वलिंगम आणि जेम्स व्हायट यांनी वेगळी वाट काढली. लागोपाठच्या तीन ठिपक्यांचा त्रिकोण करायचा आणि ज्याचा त्रिकोण सगळ्यात लहान तो मधला ठिपका आधी काढायचा. खाड्याखाजणांच्या किनाऱ्याला ही रीत जास्त शोभते असं माझं मत आहे, कारण रेषेचा स्वभाव टिकून राहतो.

खरी गंमत पुढे आहे. कोल्हापूर आणि सांगली यांची हद्द एकच, पण साध्या फाइलमध्ये ती दोनदा लिहिलेली असते, एकदा कोल्हापूरच्या नावावर आणि एकदा सांगलीच्या. दोन्ही जिल्ह्यांचे ठिपके वेगवेगळे गाळले तर दोघांचे वेगवेगळे ठिपके उरू शकतात. मग हद्दीवर कुठे बारीक फट पडते, तर कुठे एक जिल्हा दुसऱ्यावर चढतो. निकालाच्या रंगीत नकाशांत जिल्ह्यांच्या मधे पांढरे ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा यातूनच आलेले असतात. उपाय सोपा आहे: सामाईक हद्द एकदाच लिहायची, एकदाच गाळायची आणि दोन्ही जिल्ह्यांनी तिचा हवाला द्यायचा. माइक बॉस्टॉक यांनी बनवलेला टोपोजेसन हा फाइलप्रकार तसं करतो. मॅपशेपर नावाचं मोफत साधनही ठिपके गाळताना सामाईक हद्दी सांभाळतं.

काही निर्णय मात्र यंत्राच्या हाती सोडू नयेत. नकाशा लहान केला की एखाद्या पिक्सेलपेक्षा छोटी बेटं आपोआप गाळली जातात. गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच. पण त्यात मुरुडचा जंजिरा जातो आणि मालवणचा सिंधुदुर्गही जातो. शिवकाळातल्या आरमारावरचा नकाशा असेल तर हे दोन ठिपके सगळ्यात आधी राखायला हवेत. काय वगळायचं ते विषय जाणणाऱ्या माणसानेच ठरवलेलं बरं.

## फरशा: हवा तेवढाच तुकडा

ठिपके गाळूनही राज्याचा, देशाचा नकाशा मोठाच राहतो. गूगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये आलं, तोवर बहुतेक वेबनकाशांत बाजूचा बाण दाबायचा आणि पान नव्याने येईपर्यंत थांबायचं अशी रीत होती. गूगलने नकाशा बोटाने नाही, पण माउसने ओढता येईल असा केला आणि त्यामागे होत्या फरशा. नकाशाचे चौकोनी तुकडे करून ठेवायचे आणि पडद्यात मावतील तेवढेच मागवायचे.

मांडणी अशी. नकाशा जवळ आणण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. शून्य पायरीवर अख्खं जग (ध्रुवांजवळचा थोडा भाग वगळून) २५६ बाय २५६ पिक्सेलच्या एका फरशीत बसतं. पहिल्या पायरीवर तिच्या चार फरशा होतात, दुसऱ्यावर सोळा. दर पायरीला प्रत्येक फरशीच्या चार. दहाव्या पायरीवर साडेदहा लाखांच्या जवळपास, आणि जिथे घरं ओळखू येतात त्या अठराव्या पायरीवर सुमारे ६,८७२ कोटी. पैकी तुमच्या फोनला एका वेळी लागतात दहा-पंधरा.

एवढ्या ढिगातून नेमक्या दहा-पंधरा कशा सापडतात? शोधाव्याच लागत नाहीत. प्रत्येक फरशीचा पत्ता तीन आकड्यांचा असतो: पायरी, स्तंभ, ओळ. शनिवारवाडा दहाव्या पायरीवर ७२२ व्या स्तंभात आणि ४५८ व्या ओळीत येतो. मोजणी शून्यापासून, डावीकडून आणि वरून. अक्षांश-रेखांशावरून हा पत्ता फोन स्वतःच काढतो आणि सर्व्हरकडे थेट १०/७२२/४५८ मागतो. या फरशीत साधारण ३७ किलोमीटर बाजूचा चौकोन मावतो, म्हणून कात्रजला राहणाऱ्याला आणि हडपसरला राहणाऱ्याला बहुधा हीच फरशी लागते. एकदा बनवली की ती सगळ्यांना पुरते आणि जवळच्या सर्व्हरवर साठवूनही ठेवता येते. लाखो लोक एकाच वेळी नकाशा बघतात तरी तो कोलमडत नाही, याचं श्रेय फरशांच्या या ठरीव पत्त्यांना जातं.

नकाशा मोठा करताना आधी धूसर दिसतो आणि मग स्वच्छ होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो बिघाड नाही. नवी फरशी येईपर्यंत फोन आधीच्या पायरीवरची फरशी ताणून त्या जागी लावतो. पांढऱ्या भोकापेक्षा धूसर चित्र बरं, कारण आपण कुठे आहोत याचा धागा सुटत नाही.

## चित्र पाठवायचं की ठिपके?

सुरुवातीच्या फरशा म्हणजे सर्व्हरने रंगवून ठेवलेली तयार चित्रं. फोनने ती शेजारी शेजारी लावायची, बस्स. साध्या फोनला हे झेपतं आणि उपग्रहाच्या छायाचित्रांसाठी आजही हीच पद्धत योग्य आहे. पण चित्रातलं नाव चित्रातच अडकतं. नकाशा फिरवला की अक्षरं उलटी होतात, भाषा बदलता येत नाही, रात्रीसाठी गडद रंग हवा तर सगळ्या फरशा पुन्हा रंगवाव्या लागतात.

म्हणून पुढची पायरी आली: फरशीत चित्राऐवजी ठिपकेच भरायचे. अशा फरशीला व्हेक्टर टाइल म्हणतात. गूगलने डिसेंबर २०१० मध्ये अँड्रॉइड फोनवर ही पद्धत आणली आणि मॅपबॉक्स कंपनीने २०१४ मध्ये तिचा खुला नमुना जाहीर केला, जो आता सगळीकडे रुळला आहे. त्यात प्रत्येक फरशीवर बहुधा ४०९६ बाय ४०९६ घरांची जाळी कल्पिलेली असते. ठिपका लांबलचक दशांशात न लिहिता 'आधीच्या ठिपक्यापासून तीन घरं उजवीकडे, दोन घरं खाली' असा लिहितात. मघाचा चाळीस अक्षरांचा ठिपका इथे अनेकदा दोन बाइटमध्ये, म्हणजे दोन अक्षरांच्या जागेत बसतो. शिवाय प्रत्येक पायरीसाठी ठिपके आधीच गाळून ठेवलेले असतात. चौदाव्या पायरीवर जाळीतल्या एका घराची बाजू आपल्या अक्षांशावर जेमतेम अर्धा मीटर भरते, त्यामुळे पुढच्या पायऱ्यांसाठी वेगळ्या फरशा बनवायची सहसा गरज पडत नाही. त्याच फरशीतून फोन रेघा मोठ्या करून काढतो आणि त्या धूसर होत नाहीत.

## सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

डेटा फोनवर पोचला, तरी तो सरकताना गुळगुळीत दिसला पाहिजे. अनेक पडदे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतात. प्रत्येक चित्राच्या वाट्याला येतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात बोट कुठे गेलं ते वाचायचं, कुठल्या फरशा लागतील ते ठरवायचं आणि सगळं रंगवायचं. वेळ चुकली की चित्र अडकतं आणि डोळ्याला हिसका जाणवतो.

पानावरचं प्रत्येक गाव हा वेगळा घटक म्हणून ठेवला तर ब्राउझर हजारो घटकांचा हिशेब सांभाळत बसतो. शंभर-दोनशे आकारांपर्यंत हे ठीक चालतं. छोट्या कामाला तीच पद्धत उत्तम, उगाच मोठी यंत्रणा लावू नये. गावं हजारोंच्या घरात गेली की काम ग्राफिक्स चिपकडे सोपवावं लागतं. या चिपला त्रिकोण प्रचंड वेगाने रंगवता येतात, पण त्रिकोणच. म्हणून फरशी आली की गावाच्या वेड्यावाकड्या आकाराचे त्रिकोण पाडायचे आणि ते चिपच्या स्मृतीत ठेवून द्यायचे. हे काम पडद्यामागे बाकीच्या कामांना समांतर चालतं, त्यामुळे बोटाची हालचाल अडत नाही. पुढे तुम्ही नकाशा ओढलात की गावं नव्याने मोजावी लागत नाहीत, 'सगळं इतकं डावीकडे सरकव' एवढाच निरोप चिपला जातो. नकाशा लोण्यासारखा सरकतो तो या सोयीमुळे.

हजारो दवाखाने किंवा बसथांबे दाखवायचे असतील तर लांबून बघताना जवळजवळचे थांबे एकत्र करून '२१४' असा आकडा लिहिलेलं एकच वर्तुळ दाखवतात आणि जवळ गेलं की ते फुटतं. इथेही दिसेल तेवढंच दाखवायचं, हाच हिशेब.

## 'रत्नागिरी' लिहिताना होणारे हाल

या भागावर मराठी वाचकाने जरा थांबावं. व्हेक्टर नकाशात नावं फिरवता-झुकवता यावीत म्हणून प्रत्येक अक्षर वेगळं चित्र म्हणून ग्राफिक्स चिपला दिलं जातं. अक्षरांची ही चित्रं युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) २५६-२५६ क्रमांकांच्या गठ्ठ्यांत सर्व्हरवरून येतात. रोमन लिपीला एवढं पुरतं. तिथे एका क्रमांकाचं एक अक्षर आणि ते शेजारी कोण आहे याची पर्वा न करता एकामागून एक मांडलं की शब्द तयार होतो.

देवनागरी अशी चालत नाही. युनिकोडमध्ये 'रत्नागिरी'चा क्रम आहे र, त, हलन्त, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ वेलांटी. त आणि न जुळून 'त्न' व्हायला हवा, पण त्या जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांकच नाही, मग गठ्ठ्यात त्याचं चित्र येणार कुठून? ते फॉन्टच्या पोटात असतं आणि शेजारची अक्षरं बघून ते काढणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो नसला की त पाय मोडून उभा राहतो आणि पुढे न सुटा पडतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिण्याच्या क्रमात ग नंतर येते पण दिसायला आधी हवी. ती तशीच मागे राहिली की पुढच्या र ला चिकटलेली वाटते. 'सिंधुदुर्ग'मध्ये रफार ग च्या डोक्यावर चढतच नाही. हा दोष मुक्त स्रोतातल्या लोकप्रिय व्हेक्टर नकाशांत वर्षानुवर्षं राहिला आहे. अरबीसाठी वेगळी जोडणी लवकर तयार झाली, भारतीय लिप्या मागे पडल्या.

चित्रांच्या फरशांत ही अडचण येत नाही, कारण तिथे नावं सर्व्हरवर, अक्षरजुळणी करणाऱ्या प्रोग्रॅमकडून लिहिली जातात. म्हणून एक व्यवहार्य तोडगा आहे: हद्दी, रस्ते, नद्या व्हेक्टरने काढायच्या आणि मराठी नावांचा थर वेगळा ठेवायचा, एकतर चित्र म्हणून किंवा ब्राउझरच्या नेहमीच्या मजकुरासारखा. थोडा वेग जातो. जाऊ द्या. आपल्या जिल्ह्याचं नाव मोडून दाखवणारा नकाशा कितीही गुळगुळीत सरकला तरी तो आपल्या माणसांसाठी बनवलाय असं मी म्हणणार नाही. राज्य शासनाच्या खर्चाने बनणाऱ्या प्रत्येक नकाशाच्या कामात 'मराठी नावं शुद्ध उमटली पाहिजेत' ही अट लेखी असायला हवी.

## 'आता ५जी आलंय, मग एवढी काटकसर कशाला?'

रेंज चांगली असेल तर ५०० एमबीची फाइल लवकर उतरेलही. पण मग ती वाचायची, तिच्यातल्या एक कोटी बत्तीस लाख ठिपक्यांचे आकडे करायचे, ते स्मृतीत ठेवायचे आणि सोळा मिलिसेकंदांत रंगवायचे, हे सगळं फोनलाच करायचं आहे. नेटवर्क कितीही सुधारलं तरी दहा हजारांच्या फोनची स्मृती वाढत नाही. आणि ज्यांना नकाशाची खरी निकड असते, म्हणजे पुराच्या दिवसांत शिरोळ तालुक्यातल्या गावकऱ्याला किंवा दरड कोसळल्यावर घाटात अडकलेल्या ड्रायव्हरला, त्यांच्या फोनवर त्या घडीला एखादीच काडी उमटत असते.

## 'तयार नकाशे आहेत की, वेगळा कशाला बनवायचा?'

रस्ता शोधायला तयार नकाशे छानच आहेत. पण तुमच्या ग्रामपंचायतीचे वॉर्ड, पाणलोटाची कामं, कुठल्या वस्तीला टँकर गेला याच्या नोंदी त्यात नसतात. ही माहिती ज्याच्याकडे आहे त्यालाच नकाशा बनवावा लागतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्था-कंपन्यांसाठी नकाशांच्या माहितीवरची पूर्वपरवानगीची बरीच बंधनं काढली, त्यामुळे कायद्याची वाट मोकळी झाली आहे. खर्चाचा बाऊही पूर्वीएवढा राहिलेला नाही. पीएमटाइल्स नावाच्या फाइलप्रकारात लाखो फरशा एकाच फाइलमध्ये मावतात. ती साध्या सर्व्हरवर ठेवायची आणि फोन त्या फाइलमधला हवा तेवढाच तुकडा वाचतो. सतत चालणारा खास नकाशा-सर्व्हर लागत नाही. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातले भूगोल आणि कॉम्प्युटरचे विद्यार्थी मिळून हे काम करू शकतात.

## 'ठिपके गाळले म्हणजे नकाशा खोटाच झाला ना?'

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. ठिपके गाळतात ते पडद्यासाठी काढलेल्या प्रतीतून. मूळ माहिती सर्व्हरवर जशीच्या तशी राहते, किंवा राहायला हवी. धोका होतो तो पडद्यावरच्या प्रतीलाच कुणी मूळ समजतो तेव्हा.

पूररेषेचं उदाहरण घ्या. नदीकाठच्या शहरांत निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात आणि बांधकामाची परवानगी त्यावर ठरते. जिल्हा दिसेल एवढ्या पायरीवर, म्हणजे नवव्या-दहाव्या पायरीच्या आसपास, एक पिक्सेल दीडशे ते तीनशे मीटरचा असतो आणि पूररेषा त्या मापाने गुळगुळीत केलेली असते. तिच्यावर बोट ठेवून 'आपलं घर बाहेर आहे' असं म्हणणं म्हणजे दोन-तीनशे मीटरच्या चुकीवर घर बांधणं. म्हणून चांगल्या नकाशात घरावर बोट ठेवलं की उत्तर रंगवलेल्या रेषेवरून दिलं जात नाही. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सर्व्हरला जातात, तिथे मूळ, न गाळलेल्या रेषेशी ते पडताळतात आणि 'आत' किंवा 'बाहेर' असं उत्तर परत येतं. त्यासोबत ती रेषा कुठल्या वर्षी, कुठल्या प्रमाणावर आखली हेही दाखवलं पाहिजे. नकाशा मागवणाऱ्या नगरपालिकेने ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच: बोट ठेवल्यावर येणारं उत्तर मूळ माहितीतून येतं का?

जमिनीचंही तसंच. राज्य शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट नंबर टाकून आकृती बघता येते, शेजारी कोण, रस्ता कुठून, याचा अंदाज येतो आणि तो फार उपयोगी आहे. पण बांधावरून वाद झाला तर फोनवरची रेघ चालत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा, मोजणीदार जागेवर येतात, खुणा दाखवतात आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. पडद्यावर आकृती कितीही मोठी केली तरी हद्दीतला दोन फुटांचा फरक तिच्यात दिसेलच असं नाही, आणि 'क' प्रत मात्र नेमक्या त्याच दोन फुटांसाठी काढलेली असते.